आधी चंद्राची वही, मग दुर्बीण : एका वर्गाचं प्रकरण

खाली मांडलेली शाळा नकाशावर सापडणार नाही. आकाशनिरीक्षण आणि वाचन यांची सांगड घालणाऱ्या उपक्रमांत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा उभ्या राहतात, त्या एकाच वर्गात दाखवता याव्यात म्हणून ती रचली आहे. आकाशाचे, दुर्बिणीचे आणि शास्त्रज्ञांचे तपशील मात्र खरे आहेत.

परिस्थिती

वर्गात ३६ मुलं, वय १० ते १२. बहुतेकांच्या घरात शाळेची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा चार, शाळेची पाचवी. ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट, त्यात १४० पुस्तकं. त्यातली विज्ञानाची २२. त्या बावीस पुस्तकांत शास्त्रज्ञ म्हणून काढलेली चित्रं मोजली तर ती जवळपास सगळी कोट घातलेल्या, वय झालेल्या पुरुषांची. (अशी मोजणी कुठल्याही शाळेत अर्ध्या तासात होते. पुस्तकांची नावं वाचून कळत नाही, चित्रंच मोजावी लागतात.)

मुलांना विज्ञान आवडत नाही, असं नाही. लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅस्पायर्स’ या दीर्घ अभ्यासात १० ते १४ वयाच्या बहुतेक मुलांनी विज्ञान आवडतं असं सांगितलं, पण शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी साधारण १५ टक्केच निघाली. ‘छान आहे, पण आपल्यासाठी नाही’ असा तो सूर. म्हणजे उपाय करायचा तो गोडी नसण्यावर नव्हे, या ‘आपल्यासाठी नाही’वर. पहिल्या प्रयत्नात नेमकी इथेच चूक झाली.

पहिला प्रयत्न : एक रात्र

शाळेला १५० मिलिमीटर व्यासाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीची) दुर्बीण एका रात्रीसाठी मिळते. सोबत २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं. दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे म्हणून पौर्णिमेची रात्र ठरते. आधी पाऊण तास पडद्यावर अंतराळवीरांची आणि शास्त्रज्ञांची चित्रं, मग दुर्बीण. भिंतीवर ‘गरिबीतून वर आलेले’ अशा मथळ्याचे आठ फलक.

३६ पैकी १४ मुलं येतात, त्यांत मुली चार. बाकीच्यांची कारणं सरळ आहेत: शेवटची बस, घरची लहान भावंडं, अंधार पडल्यावर मुलीला बाहेर न पाठवणारं घर. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आखला तीच मुलं कार्यक्रमाच्या वेळेमुळे गळतात. रात्रीच्या खगोलाचा हा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो दुर्बीण चांगली घेऊन भरून निघत नाही.

जी आली त्यांचंही फारसं जमत नाही. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहायला सगळ्यात वाईट. सूर्यप्रकाश त्यावर समोरून पडतो, त्यामुळे विवरांना सावली नसते; दिसते ती डोळे दिपवणारी सपाट थाळी. मग कुणीतरी देवयानी दीर्घिका लावतं. एरवी ती करड्या धुक्याच्या ठिपक्यासारखी दिसते, कारण अंधुक प्रकाशात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. पौर्णिमेच्या उजेडात तर तो ठिपकाही धड राहत नाही. तासाभरापूर्वी पडद्यावर रंगीत दीर्घिका पाहिलेल्या मुलाला आपली फसवणूक झाली असंच वाटणार.

त्यानंतर शनी. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट वर्धन मिळतं, आणि ५० अंश दृष्टिक्षेत्राची साधी नेत्रिका असेल तर दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम २५ कलांचा (६० कला म्हणजे १ अंश). पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे शनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला शंभरएक सेकंदांत पोचतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला डोळा नेमका कुठे ठेवायचा हे कळायलाच तीस-चाळीस सेकंद जातात. त्यात ते नेत्रिकेला हात लावतं, नळी हलते. तिसऱ्या-चौथ्या मुलाला काळं आकाश दिसतं आणि ते ‘दिसलं’ म्हणून बाजूला होतं. हे ‘दिसलं’ ऐकून मोठी माणसं खूश होतात. त्याऐवजी विचारावं, ‘कडं कोणत्या बाजूला कललेलं होतं?’ ज्याने खरंच पाहिलं तोच उत्तर देतो.

आठवड्याने मुलांना काय आठवतं ते लिहायला सांगितलं तर सर्वाधिक वेळा येणारा शब्द: रांग.

फलकांचं काय झालं? बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार म्हटलं होतं. स्वतःसारखं कुणी दिसलं की आरसा, दुसऱ्याचं जग दिसलं की खिडकी, आणि त्या जगात पाऊल टाकता आलं की दार. फलक यांतलं काहीच नव्हते. त्यांवर माणसाचं दुःख होतं, शेवटी पुरस्कार होता, आणि मधलं काम गायब होतं. तो माणूस रोज सकाळी उठून नेमकं काय करत होता, हे एकाही फलकावरून कळत नव्हतं. गरिबीचं वर्णन गरीब मुलाला नवीन नसतं.

दुसरी आखणी

दहा आठवडे, आठवड्याला दोन तासिका, एक संध्याकाळ सोडली तर जवळपास सगळं शाळेच्या वेळेत. दुर्बीण शेवटच्या आठवड्यात. आणि एक कडक नियम: मुलांनी जे काम हाताने केलं नाही, ते करणाऱ्या माणसाबद्दलचं पुस्तक वाचायचं नाही. आधी हात, मग पान. बाकी सगळं या नियमातून निघतं.

चंद्राची वही

दिवसा चंद्र दिसतो हे निम्म्या वर्गाला ऐकून पटत नाही, म्हणून इथूनच सुरुवात. अमावास्येनंतरच्या पाचव्या-सहाव्या दिवशी, दुपारी चार वाजता, शाळा सुटण्याआधी. तेव्हा चंद्र आकाशात बराच वर असतो. तिथून एकादशी-द्वादशीपर्यंत रोज चारच्या ठोक्याला नोंद घेता येते. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवत असल्यामुळे तो चार वाजता दररोज पूर्वेकडे सरकलेला दिसतो. पौर्णिमेच्या आसपास चार-पाच दिवस शाळेच्या वेळेत काही दिसत नाही. वद्य तृतीयेपासून तो सकाळी आठला पश्चिमेकडे सापडतो आणि दशमीपर्यंत पुरतो. सुट्ट्या आणि ढग वजा जाता महिन्यात दहा-बारा नोंदी होतात, आणि तेवढ्या पुरतात.

वहीच्या प्रत्येक पानावर आधीच काढलेलं ५ सेंटिमीटरचं वर्तुळ. मुलाने अंधारा भाग पेन्सिलीने भरायचा, उजळ भाग कोरा. खाली चार गोष्टी: तारीख, वेळ, दिशा, आणि क्षितिजापासून उंची मुठींत. हात सरळ लांब केला तर मूठ सुमारे १० अंश झाकते, करंगळी १ अंश. मुलाचा हात लहान तशी मूठही लहान, म्हणून हे माप लहान-मोठ्या सगळ्यांना चालतं. चंद्र स्वतः अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीमागे दोनदा लपेल एवढाच. यावर पैजा लागतात, लागू द्याव्यात.

चंद्र सूर्यापासून किती मुठी दूर आहे हेही नोंदवायचं, पण सूर्याकडे बघून नाही. इमारतीच्या कडेआड सूर्य लपेल असं उभं राहायचं आणि त्या कडेपासून मुठी मोजायच्या. ही सूचना एकदा देऊन भागत नाही, रोज द्यायची.

बिघडतं ते असं. पहिल्या आठवड्यात मुलं चंद्र बघून नव्हे, आठवून काढतात: पुस्तकातली कोर, टोकांच्या मधोमध चांदणी. उत्तर गोलार्धात वाढत्या चंद्राची उजवी बाजू उजळ असते, दक्षिण गोलार्धात डावी. वह्यांत दोन्ही सापडतात. खोडून दुरुस्त करायला लावू नये. दुसऱ्या दिवशी मुलाला जुनं पान हातात घेऊन बाहेर उभं करावं, चूक त्याची त्याला दिसते. दुसरी गडबड वेळेची: कुणी तीनला पाहतं, कुणी साडेचारला, आणि महिनाअखेरीस तुलना होत नाही. जागा आणि घड्याळ दोन्ही पक्कं हवं; अंगणात खडूने पावलं काढून ठेवावीत.

पाचव्या आठवड्यात चेंडू. चार-पाच सेंटिमीटरचा पांढरा चेंडू काडीवर खोचायचा, उन्हात उभं राहून आकाशातल्या चंद्राच्या शेजारी धरायचा. चेंडूवर तीच कला दिसते जी चंद्रावर असते, कारण दोघांवर एकच सूर्य त्याच दिशेने पडलेला असतो. बंद खोलीत दिव्याभोवती फिरून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी लवकर डोक्यात उतरतं. खोलीतलाही प्रयोग करावा, पण चेंडू डोक्याच्या वर धरून. डोक्याच्या पातळीत धरला तर पौर्णिमेला डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि ‘चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात’ हा जुना गैरसमज शिक्षकाच्याच हाताने पक्का होतो. खऱ्या चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून तर दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

त्यानंतर प्रमाण. पृथ्वी २० सेंटिमीटरचा चेंडू धरली तर चंद्र साडेपाच सेंटिमीटरचा. तो किती लांब ठेवायचा? मुलं हातभर सांगतात. उत्तर ६ मीटर, पृथ्वीचे तीस व्यास. सूर्य याच मापाने सुमारे २२ मीटर रुंद आणि २.३ किलोमीटरवर.

आता पुस्तक. महिन्याच्या नोंदी हातात असलेल्या मुलांना पुढच्या महिन्याच्या ठरावीक तारखेला चंद्र कसा दिसेल ते लिहायला सांगायचं. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंतच्या २९.५३ दिवसांचा हिशेब काही जण स्वतः शोधतात, काहींना मदत लागते. हे झालं की बेंजामिन बॅनेकर. १७३१ साली मेरीलँडमध्ये जन्मलेला, गुलाम नसलेला कृष्णवर्णीय शेतकरी; शेजाऱ्याने उसनी दिलेली पुस्तकं आणि उपकरणं वापरून पन्नाशी उलटल्यावर खगोल शिकला, आणि १७९२ ते १७९७ या वर्षांची त्याची पंचांगं छापली गेली. हेच चरित्र पहिल्या आठवड्यात दिलं असतं तर ‘मोठा माणूस’ म्हणून मिटलं असतं. आता ज्यांचा अंदाज एका दिवसाने चुकला ती मुलं विचारतात, ‘त्याचा कितीने चुकायचा?’ असा प्रश्न आला म्हणजे दार सरकलं असं समजायला हरकत नाही.

शंकूची सावली

ही पायरी थोडक्यात, कारण पाठ्यपुस्तकांत ती असते. सपाट जमिनीवर ५० सेंटिमीटरची काठी (सावली मोजायच्या अशा काठीला शंकू म्हणतात) ओळंब्याने उभी करायची आणि सकाळच्या सावलीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सावलीचं टोक दुपारी पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल तिथे खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. ‘सर्वांत आखूड सावली’ शोधायला लावू नये. मध्यान्हीच्या आसपास लांबी इतकी हळू बदलते की क्षण हाती लागत नाही.

वाचनाला इथे दोन पानं पुरतात. सूर्यसिद्धान्त या जुन्या भारतीय खगोलग्रंथात हा शंकू १२ अंगुळांचा आहे, आणि अरबी खगोलज्ञ या पद्धतीला ‘भारतीय वर्तुळ’ म्हणत. ज्ञान एका प्रदेशातून दुसरीकडे गेल्याचं हे उदाहरण मुलांनी आत्ताच जमिनीवर काढलेलं असतं.

सात की सहा

साहित्याचा भाग इथे सगळ्यात दाट आहे आणि सगळ्यात निसरडाही.

कृत्तिका घ्याव्यात. भारतीय कथेत त्या कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता, ग्रीकांकडे सात बहिणी, जपानीत सुबारू, माओरींकडे मातारिकी, जिचं पहाटेचं दर्शन नव्या वर्षाची खूण मानतात आणि २०२२ पासून न्यूझीलंडमध्ये त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. चारही कथा चार गटांना वाचायला द्यायच्या, मग प्रत्येकाने घराच्या उंबऱ्यातून तारे मोजायचे. बाहेर पडावं लागत नाही, पाच मिनिटं लागतात. बहुतेकांना सहा दिसतात, तीक्ष्ण नजरेला आणि काळोख्या जागी जास्त, दिव्यांच्या उजेडात तीन-चार. द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) डझनावारी. वर्गात आकडे फळ्यावर मांडले की कथा आणि निरीक्षण एकमेकांना प्रश्न विचारू लागतात: सहाच दिसतात तर सात कुणी म्हटलं?

त्यानंतर अंधारातल्या आकृत्या. ऑस्ट्रेलियातले अनेक आदिवासी समाज आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत एमू पक्षी पाहतात. त्याचं डोकं त्रिशंकू (सदर्न क्रॉस) या तारकासमूहाजवळच्या काळ्या डागात. त्याच भागातल्या काळोखात अँडीज पर्वतातले क्वेचुआ लोक लामा पाहतात, मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे त्याचे डोळे. ताऱ्यांना रेघांनी जोडायची सवय झालेल्या मुलांना काळी जागाही आकृती असू शकते हे ऐकून जरा गप्प व्हायला होतं. सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांत गोंड लोक खाट पाहतात आणि शेपटीच्या तिघांत ती पळवणारे चोर. हे ऐकल्यावर सात ऋषी शोधायला जास्त मेहनत लागते, असं मुलंच सांगतात.

निसरडं काय? पहिलं, शब्दांची विषमता. ग्रीक कथेला ‘तारकासमूह’ आणि गोंड कथेला ‘लोकसमजूत’ म्हटलं की मुलं उतरंड लगेच ओळखतात. दोन्ही कथाच आहेत. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या ८८ समूहांच्या सीमा १९३० मध्ये आखल्या गेल्या, त्या कामाच्या सोयीसाठी. त्याच संघटनेने २०१७ मध्ये ताऱ्यांच्या अधिकृत यादीत रेवती आणि भरणी ही नावं घेतली, आणि ऑस्ट्रेलियातल्या वार्दमान लोकांचं गिनान हे नावही. यादी वाढते, हे मुलांना कळायला हवं.

दुसरं जास्त दुखावणारं आहे. शिक्षक एका मुलाकडे वळून सगळ्यांसमोर म्हणतात, ‘तुमच्यात याला काय म्हणतात, सांग बरं.’ हेतू चांगला असतो. मूल मात्र एका क्षणात वर्गातून वेगळं काढलं जातं आणि अख्ख्या समाजाची जबाबदारी त्याच्या डोक्यावर येते. कदाचित त्याला काहीच माहीत नसतं. त्याऐवजी सगळ्यांनीच घरून आकाशाचा एक शब्द आणायचा, बिननावाच्या चिठ्ठीवर: तारा, ग्रहण, उल्का, संध्याकाळची चांदणी, काहीही. चिठ्ठ्या डब्यात. त्यातून वर्गाचा आकाशकोश तयार होतो, प्रत्येक पानावर शब्द, भाषा, अर्थ, चित्र. कपाटातल्या १४० पुस्तकांत हे १४१वं, रजिस्टरमध्ये नोंदवलेलं, क्रमांक टाकलेलं. नोंदणी टाळू नये. हस्तलिखिताला क्रमांक मिळाला की ते पुस्तक होतं.

दोन ताव

आठव्या आठवड्याचा खेळ: साठेक काळ्या ठिपक्यांचा तारकापट कागदावर छापायचा. दुसरा ताव पारदर्शक, त्यावर हेच ठिपके, पण एकाचा आकार बदललेला. एकावर एक ठेवून बदललेला तारा शोधा. पारदर्शक ताव दोन मिलिमीटर जरी तिरका छापला गेला तरी सगळेच तारे बदललेले दिसतात, म्हणून कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या हव्यातच.

हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेविट अशाच रीतीने आकाशाची छायाचित्रं असलेल्या काचेच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहत होत्या. १९०८ मध्ये त्यांनी मॅजेलनी मेघ या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांतल्या १,७७७ चलताऱ्यांची (तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची) यादी प्रसिद्ध केली, आणि १९१२ मध्ये २५ ताऱ्यांवरून दाखवलं की जो तारा जास्त तेजस्वी त्याचा आवर्तनकाळ जास्त. विश्वातली अंतरं मोजण्याची पट्टी यातून मिळाली. त्यांना ऐकू कमी येत असे. मुलांना द्यायच्या मजकुरात हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात असावं, शीर्षकात नाही.

याला तसाच जोड जोसलिन बेल यांच्या कामाचा: १९६७ मध्ये रेडिओ दुर्बिणीची रोज सुमारे ३० मीटर आलेखपट्टी डोळ्यांनी तपासताना त्यांना बाकीच्या आलेखाशी न जुळणारा एक छोटा खरखरीत तुकडा दिसला, तो निघाला १.३४ सेकंदांनी स्पंदणारा तारा. २०१८ मध्ये मिळालेली ३० लाख डॉलरची पुरस्कार-रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना दिली. मुलांना पाच मीटरची लांब पट्टी द्यावी, त्यात एकच विसंगत तुकडा. कंटाळा येतो. यायलाच हवा, शोधाच्या गोष्टींत हा कंटाळा कुणी लिहीत नाही.

दुर्बिणीची संध्याकाळ

दहाव्या आठवड्यात, शुक्ल अष्टमीच्या आसपास. अर्धा चंद्र सूर्यास्ताला आकाशात उंचच असतो, म्हणून सूर्यास्तानंतरच्या तासाभरात काम उरकतं आणि फार रात्र होण्याआधी सगळी घरी. पालकांना सोबत बोलवावं. कोशातले अर्धे शब्द त्यांचेच असतात. नेत्रिका २५ मिलिमीटरचीच: ४८ पट वर्धन, एक अंशाचं क्षेत्र, चंद्र पूर्ण मावतो आणि चार मिनिटं टिकतो. प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. ३६ मुलांना प्रत्येकी दीड मिनिट म्हणजे ५४ मिनिटं. दर दोन मुलांनंतर नळी पुन्हा नेमायची, त्यासाठी एक माणूस फक्त तेवढंच करणारा. उंच-बुटक्यांसाठी दोन पायऱ्यांचं स्टूल, आणि धरायला वेगळा दांडा, म्हणजे हात नेत्रिकेकडे जात नाही. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय नळीचं झाकण काढायचं नाही.

रांग उरू नये म्हणून चार गट: दुर्बीण, ७×५०च्या द्विनेत्री, आकाशकोशाचं वाचन, आणि वहीतलं शेवटचं पान. दुर्बिणीत पाहिलेल्या एका विवराचं चित्र त्या पानावर काढायचं असतं, त्यामुळे ‘दिसलं’ म्हणून कुणी पुढे सरकत नाही.

मोजायचं काय

आधी आणि नंतर शास्त्रज्ञाचं चित्र काढायला लावणं सोपं आहे. डेव्हिड चेंबर्स यांच्या १९८३च्या अभ्यासात ४,८०७ मुलांपैकी फक्त २८ जणांनी स्त्री काढली, आणि त्या अठ्ठावीसही मुलीच होत्या. पण दहा आठवडे लेविट आणि बेल वाचल्यावर मुलं बाई काढणारच. शिक्षकांना काय हवंय ते त्यांना कळतं. चित्रं जपून ठेवावीत, त्यांवर अहवाल रचू नये.

जास्त सांगणाऱ्या खुणा तीन. कपाटाचं रजिस्टर: तासिका नसताना कुणी कोणतं पुस्तक नेलं. वह्या: सक्ती संपल्यावर किती जणांच्या नोंदी चालू राहिल्या. आणि प्रश्न: ‘विश्व कुठे संपतं?’ हा चांगला, पण ‘आठला दिसलेला चंद्र बाराला कुठे जातो?’ हा जास्त मोलाचा, कारण तो विचारणारं मूल स्वतः जाऊन बघू शकतं. प्रश्न नावांशिवाय, तारखांसह लिहून ठेवावेत.

या रचनेचा कच्चा दुवा शिक्षक आहे. सगळं एका उत्साही माणसावर उभं असतं आणि त्याची बदली झाली की कपाटाला पुन्हा कुलूप. म्हणून पेटीत सामान कमी आणि कागदही मोजकेच: चेंडू दोन, काड्या, ठिपक्यांचे ताव, आकाशकोशाची प्रत, आणि पुढच्या बारा महिन्यांत चंद्र दुपारी चारला व सकाळी आठला कोणकोणत्या तारखांना दिसेल याचं एक पान. ते पान वरच्या वर्गात गेलेल्या मुलांनीच भरायचं, आणि नव्या वर्गाला पहिल्या दिवशी अंगणात त्यांनीच उभं करायचं.